कोरा नमुना

८ सप्टेंबर १९८६
नागपूर! साताऱ्याहून निघताना मित्रांनी उन्हावरून इतकं घाबरवलं होतं की मी दोन पंचे जास्त घेतले. प्रत्यक्षात गाव ऐसपैस आणि माणसं मोकळी आहेत. नंदनवन भागात खोली मिळाली. घरमालकीण कौसल्याबाई एकट्याच राहतात. पहिल्याच जेवणात त्यांच्या रश्शाने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं, तर त्या पदराआड हसत बसल्या. झोपताना त्यांनी जायफळाचं दूध दिलं. गाढ झोप लागली.

नोकरीच्या सरकारी औषध-तपासणी प्रयोगशाळेतलं नवं यंत्र पाहून हरखून गेलो. मास स्पेक्ट्रोमीटर. पदार्थाच्या रेणूंचे तुकडे करतो, त्यांची वजनं घेतो आणि कागदावर शिखरं काढतो. शिखरांवरून पदार्थ ओळखायचा. ते चालवणारा विदर्भात बहुधा मी एकटाच. आमचे वरिष्ठ मधुकरराव म्हणाले, वर्षभर प्रोबेशन आहे, यंत्राला जपा आणि सहीलाही. मला जरा लागलंच. माझ्या अचूकपणावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

३ नोव्हेंबर
आज देवराव नावाचा गिरणी कामगार आला. त्याची बायको प्रेमिला झोप येत नाही म्हणून तीन महिने ‘सुखनिद्रा चूर्ण’ घेत होती. दसऱ्याच्या आठवड्यात झोपली ती उठलीच नाही. चूर्णात काहीतरी मिसळलेलं आहे असा त्याचा संशय आहे. त्याने चूर्णाची पुडी आणली आणि प्रेमिलाची वेणी. मुळाकडच्या टोकाला लाल दोरा बांधलेला. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो आणि पोटात गेलेलं औषध त्यात अडकून राहतं, हे त्याला समजावून सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. सोबत आठ वर्षांची तारा होती. ती आईच्या वेणीकडेच बघत होती. वेणी मोजून नोंदवली : बावीस सेंटिमीटर.

६ नोव्हेंबर
चूर्णात एक अनोळखी शिखर आलं. वेणीतही तेच. तुलनेला कोरा नमुना हवा, म्हणजे ज्याने कुठलंही औषध घेतलेलं नाही अशाचे केस. रिवाजाप्रमाणे स्वतःचेच कापले. तर त्यांतही तेच शिखर! तिन्हीकडे तेच आलं म्हणजे तो यंत्रातला मळ. काहीही न विरघळवलेला कोरा द्रावकही एकदा चालवून बघायला हवा होता, पण यंत्राला लागणारं हेलियमचं सिलिंडर संपत आलं होतं आणि मधुकररावांना रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हवा होता. शिखर वजा केलं. ‘बाह्य औषधी द्रव्य आढळले नाही.’ सही ठोकली.

१७ नोव्हेंबर
ऑफिसातून गेलेली माझ्या रिपोर्टची प्रत चूर्णवाल्याने दुकानात टांगली आहे म्हणे. कौसल्याबाई कौतुकाने सांगत होत्या की त्या तेच चूर्ण घेतात. मग सहज म्हणाल्या, “तुमच्याबी दुधात पहिल्या दिवसापासून टाकून राहिली ना मी. परक्या गावात झोप नाही येत माणसाले.”

ताट तसंच ठेवून उठलो.

माझे केस कोरे नव्हतेच. यंत्रात मळ नव्हता. झोपेच्या गोळीच्या रेणूत कुणीतरी थोडा फेरफार करून, कुठल्याच यादीत नसलेलं औषध चूर्णात घातलं होतं. यंत्राने ते पकडलं होतं. मी वजा केलं. उद्या मधुकररावांना सांगायचं.

१८ नोव्हेंबर
नाही सांगितलं. मुंबईहून तपासणीला साहेब येणार आहेत. प्रोबेशनवरच्या माणसाचा पहिलाच रिपोर्ट चुकीचा निघाला तर – ते गेले की सांगतो. कौसल्याबाईंना मात्र घेऊ नका म्हटलं. कारण विचारलं तेव्हा पित्त होतं म्हणालो. स्वतःची लाज वाटली.

२० नोव्हेंबर
देवराव रिपोर्टची प्रत न्यायला आला. तारा आई गेल्यापासून झोपत नाही म्हणाला. मग म्हणाला, “तुमच्या कागदात काही नाही निघालं ना साहेब, मंग तिलेही चिमूटभर देऊन राहिलो.”

देऊ नका. एवढे दोनच शब्द होते. मी ‘हं’ म्हणालो. त्याने हात जोडले आणि गेला.

२४ नोव्हेंबर
वेणी परत पाठवायची म्हणून मोजली. तेवीस सेंटिमीटर. तपासणीला त्यातले केस कापून घेतले होते, म्हणजे बावीसपेक्षा कमी भरायला हवी. माझीच नोंद चुकली असेल. आता माझ्याच नोंदींवर माझा भरवसा उरलेला नाही.

२७ नोव्हेंबर
पंचवीस. भर दुपारी खिडकीपाशी नेऊन पाहिलं. लाल दोऱ्याच्या वर नवे केस आले आहेत. प्रेमिलाचे केस काळे आणि जाड. हे बारीक आहेत, मऊ, तपकिरी. लहान मुलीचे असतात तसे.

१ डिसेंबर
नवे केस यंत्रात घातले. आधी कोरा द्रावक चालवला, नीट, दोनदा. कागद स्वच्छ. मग केस. तेच शिखर. दोऱ्यापाशी लहान. वरच्या टोकाला कागदाच्या बाहेर जाणारं.

चिमूट वाढली आहे. कुणाची ते मला ठाऊक आहे.

मधुकररावांच्या दारापर्यंत गेलो. आत मुंबईचे साहेब बसले होते. परत फिरलो. मी नीच माणूस आहे.

३ डिसेंबर
एकोणतीस. वेणी ठेवलेल्या पाकिटाचं तोंड आपोआप उकललं होतं. देवरावच्या घरी जायला निघालो, वस्तीच्या वळणापर्यंत गेलो – तिथून परत. उद्या नक्की.

४ डिसेंबर
साहेब आज गेले. मधुकरराव खुशीत होते. त्यांनी पाठ थोपटली. मी – नाही सांगितलं. आता कसलं कारण होतं?

एकतीस.

५ डिसेंबर, सकाळ
एकतीस. पुन्हा मोजली. एकतीस. वाढ थांबली –

५ डिसेंबर, साडेअकरा
देवराव आला आहे. समोर बाकावर बसला आहे. तारा कालपासून उठत नाही. श्वास चालू आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पोरीने काय घेतलं. याने चूर्ण सांगितलं आणि माझा रिपोर्ट दाखवला. म्हणून त्यांनी चूर्णाचा विचारच सोडला. आता मेंदूचा ताप समजून – डॉक्टर म्हणतात, औषध कुठलं ते कळलं तर अजून उपाय आहे.

तो म्हणतो, “तुमी एवढं बारीक पाहता साहेब. तुमीच सांगा, माह्या पोरीले काय झालं?”

तोंड उघडलं. आवाज नाही. घशात काहीतरी बारीक, मऊ – बोटाने ओढलं तर येतच राहिलं, तपकिरी –

तो बघतो आहे. बोलता येत नाही, श्वासही अडकतो आहे, म्हणून इथेच लिहितो. पान फाडून देतो. घेऊन पळत जाईल. अजून वेळ आहे.

देवराव, माझा रिपोर्ट चुकीचा आहे. डॉक्टरांना सांगा, चूर्णात