पुढच्या चाकाचं तेल

॥ श्री ॥
केदारखेडा, २२ सप्टेंबर १९९४

चि. जगन्नाथ यास रामकिसनचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. कपाशी बरी आहे. आपली झुंबर तुला कळवील, त्याआधी मीच कळवतो. परवा तिला तिच्या घरी, धावड्याला, सोडायला निघालो होतो. उतारावरच्या वळणाला फटफटी थांबली नाही आणि आम्ही दोघं भाऊ-बहीण सरळ कुणाच्या तरी कपाशीत गेलो. तिचं कोपर खरचटलं, बाकी काही नाही.

दोष पुढच्या शॉकअपचा. वीस वर्षांत त्याचे ऑइल सील झिजले. तेल गळून ब्रेकमध्ये उतरतं, मंग ब्रेक धरेल कशाला? झुंबर म्हणते की तेल थांबेस्तोवर ती गाडीवर बसणार न्हाई. तिचा नवरा गेल्यापासून भाऊबीजेला तिला मीच आणतो, एक वर्ष चुकलेलं नाही. तेव्हा सीलची जोडी जल्दी पाठव. मिस्त्री नको. गावचा हापसा पंधरा वर्षं मीच खोलून दुरुस्त करतो, तिथं हे काय अवघड आहे?

घरी सर्वांना आशीर्वाद. आमची आठवण राहू दे.
रामकिसन

जालना, १ ऑक्टोबर १९९४

ती. दादांस जगन्नाथचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून सुहासिनी रडकुंडीला आली आणि मी रागावलो. ताईने केलेला फोन तुमच्या पत्राच्या आधीच ऑफिसात आला होता, तरी कोपराचं ती बोलली नव्हती. दादा, गाडी विकून टाका. केदारखेड्याचे सर्जेराव दोनदा विचारून गेलेत. बस आहे, जीप आहे, पण दुसऱ्याच्या मागे बसणं तुम्हाला जमत नाही. माझ्या लग्नात सगळं वऱ्हाड ट्रकमध्ये आणि नवऱ्याचा भाऊ एकटा फटफटीवर, हे सुहासिनीच्या माहेरी अजून सांगतात.

सील भोकरदनच्या बसच्या कंडक्टरपाशी दिले आहेत. भाऊबीजेला मी येतोच. तोवर तेल थांबलं नाही, तर गाडी सर्जेरावांना द्यायची, एवढं कबूल करा.

आणि तुमचं अक्षर हल्ली फार मोठं झालंय. ताईच्या कोपरापर्यंत येईतो पहिलं पान संपलं! वहिनींना नमस्कार. राग मानू नये, माया असू द्यावी.
आपला, जगन्नाथ

केदारखेडा, १२ ऑक्टोबर १९९४

चि. जगन्नाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सील मिळाले. चाक काढलं, शॉकअप खोलले, जुने सील उपटले, नवे बसवले, मापाने तेल भरलं. सारं बराबर केलं. सकाळी पाहतो तर पहिल्यापेक्षा जास्त गळती. तुझ्या वहिनीने खाली जुनी परात ठेवली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवते. हापशाचं चामडी वायसर बसवतो तशीच सीलची वाटी वर तोंड करून बसवली होती. तुझा मालच कच्चा दिसतो.

सर्जेरावचं कबूल आहे. पण अजून दिवस आहेत. मुलांना जवळ घेतलं म्हणून सांग.
रामकिसन

जालना, १९ ऑक्टोबर १९९४

ती. दादांस सा. न. वि. वि.

माल कच्चा नाही. ऑफिसजवळच्या मिस्त्रीला तुमचं पत्र वाचून दाखवलं, तर तो पोट धरून हसला. हापशात पाणी वर ओढायचं असतं म्हणून वाटी वर. इथे तेल खाली आहे आणि ते खालीच राहायला हवं, म्हणून वाटीचं तोंड खाली. त्या बाजूला आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते. बघितल्याबरोबर कळतं, असं तो म्हणाला.

दुसरी जोडी पाठवली आहे, ही शेवटची. वहिनींची परात भाऊबीजेला मीही पाहीन. आशीर्वाद असावा.
आपला, जगन्नाथ

केदारखेडा, ३१ ऑक्टोबर १९९४

चि. जगन्नाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे. मी सांगतो, ती लिहून राह्यली.

बघितल्याबरोबर कळतं, असं तू लिहिलंस. मला बघून कळलं नाही. उन्हात धरलं, तरी नाही. शेवटी तिने बोट फिरवून स्प्रिंगची बाजू सांगितली आणि मी बसवले. आता परात बिलकुल कोरडी आहे.

मग झुंबरला आणायला निघालो. ब्रेक पक्का धरत होता. त्या उताराला लागलो आणि वळण मला अगदी चाकापुढे आल्यावर दिसलं. कसाबसा थांबलो. फार भ्यालो रे. सप्टेंबरातही तसंच झालं होतं. ब्रेक मी दाबलाच नव्हता, वळण दिसलंच नव्हतं. तेलाला उगाच दोष दिला. तिथूनच हळूहळू माघारी आलो आणि दुसऱ्या दिवशी झुंबरला बसने आणलं. तिला खरं सांगितलं, तर ती म्हणाली की तिला ते कपाशीतच कळल्तं, पण भावाला तोंडावर कसं सांगावं, म्हणून तीही तेलावर ढकलत राहिली.

तेल थांबलं आहे, तेव्हा गाडी सर्जेरावला द्यायची नाही. भाऊबीज झाली की तूच जालन्याला घेऊन जा. चालवायला मीच शिकवलं आहे, विसरला नसशील. डोळ्याच्या डॉक्टरकडे मलाही यायचं आहे.

मी मागे बसेन.

माया आहे तशी ठेव. खालची सही माझीच आहे.
रामकिसन