हलका माल, शिपिंग सोपं

३ फेब्रुवारी, सकाळी
कागदी लॅम्पशेड ऑनलाइन विकण्याचा धंदा आजपासून सुरू. चाळीस शेड स्वतःच्या हातांनी तयार केल्या. फोटो सुंदर आले. आता ग्राहकाकडून शिपिंग कसं घ्यायचं, तेवढं ठरवायचं. अर्ध्या तासाचं काम.
खोके तात्पुरते मुलीच्या खोलीत ठेवले आहेत. तिची परीक्षा पुढच्या महिन्यात. तोवर खोली रिकामी करून देईन, असा शब्द दिलाय.

४ फेब्रुवारी
मार्ग तीन. वजनाप्रमाणे घ्या, किमतीत मिसळून फ्री म्हणा, नाहीतर ग्राहकाला स्वतः येऊन नेऊ द्या. तिसरा म्हणजे दारात रांग. नको.
किराणा दुकानाच्या काट्यावर शेड ठेवली. एकशे ऐंशी ग्रॅम. दुकानदाराने विचारलं, काय घ्यायचंय. म्हटलं, काही नाही, धंदा करतोय. वजनाप्रमाणेच घ्यायचं ठरवलं. जड वस्तू विकणाऱ्यांची कीव आली.

११ फेब्रुवारी
पहिली ऑर्डर! घरात सगळ्यांना उठवून सांगितलं. मुलीने विचारलं, म्हणजे आता माझ्या खोलीचं दार पूर्ण उघडेल का. गुणी पोर, पण घाई फार.

१२ फेब्रुवारी
कुरिअरवाल्याने काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेप काढून खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजली. म्हणाला, खोका मोठा असला की वजन मापावरून धरतात. तुमची शेड साडेपाच किलोची झाली. त्याला समजावलं, अहो, आत नुसती हवा आहे. तो म्हणाला, गाडीतली जागा हवाच खाते.
शिपिंग शेडच्या किमतीपेक्षा जास्त. फरक मी भरला. याला गुंतवणूक म्हणतात. बायको म्हणाली, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. विषय शिपिंगचा, ही स्वयंपाकघरात.

१६ फेब्रुवारी
खरं शिपिंग लावलं. लोक शेवटच्या पानापर्यंत येतात, आकडा बघतात आणि जातात. पण येतात! लोकप्रियता वाढते आहे.
मुलगी हल्ली जिन्यात बसून अभ्यास करते. तिथे वारा चांगला येतो.

१८ फेब्रुवारी
शेड घडी करून पाकिटातून पाठवली. शिपिंग जवळजवळ नाहीच. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही?

२३ फेब्रुवारी
ग्राहकाने फोटो पाठवून विचारलं, हे काय आहे. पैसे परत केले.

२४ फेब्रुवारी
अंतिम निर्णय. शिपिंग फ्री. खर्च किमतीत मिसळला, किंमत दुपटीच्या वर गेली. पण लोकांना फ्री आवडतं.

२८ फेब्रुवारी
आवडत नाही. मेहुण्याने फोनवर विचारलं, शेड सोन्याच्या आहेत का. म्हटलं, कागदाच्या, पण डिलिव्हरी फ्री. बराच वेळ हसला. गाढवाला गुळाची चव काय.

१ मार्च
मुलीने आठवण करून दिली: परीक्षा सोमवारपासून, शब्द दिला होता. म्हटलं, थोडं थांब, मोठा विचार चाललाय. तिने विचारलं, सगळ्यात स्वस्त शिपिंग कुठलं. म्हटलं, ग्राहकाने स्वतः येऊन नेणं. ती म्हणाली, मग तेच ठेवायचं ना. ठेवलं. पोरीचं मन कशाला मोडा? किंमत जुनी, पैसे माल नेताना.

३ मार्च, सकाळी
उरलेल्या सगळ्या शेड एकाच ग्राहकाने घेतल्या! आज येऊन नेणार. मोठं हॉटेल असणार. बायकोला सांगितलं, ती तोंड फिरवून आत गेली. आनंदाश्रू लपवत असावी. शर्टाला इस्त्री केली.

दुपारी
कुणी आलं नाही, म्हणून ऑर्डर उघडली. पत्ता आमचाच. साइटने घोळ घातला म्हणून तक्रार लिहायला बसलो, तेवढ्यात मुलगी जिन्यातून पुस्तक घेऊन वर आली. म्हणाली, ऑर्डर तिची आहे. पैसे नोकरी लागल्यावर देईल. नोकरीसाठी आधी पास व्हावं लागेल आणि पास व्हायला खोली लागेल.
चेष्टा करत नव्हती. डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी
सगळे खोके गच्चीवर नेले. एकट्याने. वजन काहीच नाही, पण जिना अरुंद, एका वेळी दोनच खोके मावतात. कुरिअरवाल्याचं म्हणणं आज पटलं.

४ मार्च
खोली लख्ख झाली. मुलगी टेबलाशी बसली. एक शेड मागे ठेवली होती, ती भेट म्हणून तिच्या दिव्याला लावली. फारच शोभून दिसते.

नंतर
शेड दाराबाहेर ठेवलेली. मुलगी म्हणाली, सुंदर आहे, पण हिच्यामुळे वाचायला दिसत नाही.
माल परत आला. गच्चीपर्यंतचं शिपिंग माझ्याकडे.