एकतीस विषाणू आणि शाळेमागचं झाड

प्रिय ठमे,

एका मुलाला सर्दी झाली की आठवड्याभरात अर्धा वर्ग शिंकू लागतो, हे तुझ्यासारख्या मुख्याध्यापिकेला मी काय सांगावं? मग तुझ्या शाळेमागच्या झाडावर, जे तोडायचं की ठेवायचं हे शुक्रवारच्या पालकसभेत ठरणार आहे (मला कुठून कळलं ते पुढे सांगतो), शेकडो वटवाघळं एकमेकांना खेटून लटकतात, अंगात नाना विषाणू बाळगतात, तरी आजारी का दिसत नाहीत? या कोड्यापायी तुझ्या बाबाचे केस पिकले. पुरतं उत्तर अजून हाती नाही. एवढंच दिसतं की त्यांचं शरीर विषाणूंशी हातघाईवर येत नाही. त्यांना आवरून, नांदवून घेतं.

कामाची रीत तुला आठवत असेल. पहाटे झाडाखाली प्लास्टिक अंथरायचं, परतलेल्या वटवाघळांचे थेंब हातमोजे घालून नळ्यांत टिपायचे. तुझी आई शेजारणींना सांगायची, "लोक फुलं वेचतात, आमचे हे मूत वेचतात." पहिल्या शंभर नळ्यांत बावीस नवे विषाणू सापडले, पुढच्या शंभरांत सात, त्यापुढच्या शंभरांत दोन. चौथ्या शंभरांत एकही नाही. म्हणजे तो साठा अथांग नव्हता. आसपासच्या माणसांना त्यांतल्या एकाचीही बाधा झाल्याचं आम्हांला आढळलं नाही. तरीही वटवाघळाला हात लावू नये, त्याचं उष्टं फळ खाऊ नये, हे खरंच.

गेल्या महिन्यात तुझ्याच शाळेत मी "एकतीस नवे विषाणू" एवढंच सांगून टाळ्या घेतल्या आणि वेळ संपली म्हणून बाकीचं गिळलं. काल जावईबापू फोनवर बोलून गेले, की त्याच आकड्याच्या धास्तीनं पालक कुऱ्हाड मागताहेत आणि तू एकटी आडवी उभी आहेस. बाबा खचेल म्हणून तू मला कळू दिलं नाहीस. वेडे, बोलायचं मी आणि बोलणी खायची तू? झाड पडलं तर हुसकलेली वटवाघळं घराघरांजवळच्या झाडांवर पांगतील. म्हणून शुक्रवारी मी येतोय. "मी तुम्हांला अर्धंच सांगितलं होतं," हे मीच म्हणेन. तू फक्त बटणांचा एक डबा आण. न बघता एक बटण काढायचं, रंग फळ्यावर लिहायचा, बटण परत टाकून डबा हलवायचा. असं पन्नास वेळा. नवा रंग यायचा कधी थांबतो ते सगळ्यांनी मोजायचं. डबा आधी सर्वांत घाबरलेल्या पालकाच्या हाती दे.

तुझाच, अर्धवट बोलून बसलेला,
बाबा