सात विहिरींना चार गुण

मंगळवार, ४ मार्च

संपवला एकदाचा! 'सात विहिरींचं राज्य' — एकसष्ट तास. शेवटच्या राक्षसाने अकरा वेळा लोळवलं, बाराव्यांदा नशिबाने सुटलो. शेवटची नामावली सरकून जाईपर्यंत पाहिली. हे इथे नोंदवून ठेवतो, कारण उद्या कोणीतरी म्हणणारच की याने अर्धाच खेळून लिहिलंय. तेवीस वर्षांत एकही गेम अर्धा टाकून परीक्षण लिहिलेलं नाही. छातीठोकपणे सांगता येईल अशी ही एकच गोष्ट माझ्याकडे आहे. बाकी सगळी मतं.

गेम जपानी धाटणीचा, हातात मावणाऱ्या कन्सोलवरचा. एक तलवारवाला, एक वैदू मुलगी, एक म्हातारा मांत्रिक आणि एक बेडूक — चौघं मिळून आटलेल्या सात विहिरी शोधत गावोगाव हिंडतात. लढाई आळीपाळीने. आपण मारायचं, मग शत्रूने मारायचं. यांची नवी टूम अशी, की शत्रूचा वार पडायच्या बरोबर आधी बटण दाबलं तर तो चुकतो. आता 'बरोबर आधी' म्हणजे कधी, ते देव जाणे! राक्षस जागचा हलत नाही, पापणी लववत नाही, आणि धाडकन हाणतो. आपण आपले अंदाजपंचे बटण दाबत बसायचं.

बायको समोर येऊन उभी राहिली. "एवढा चिडतोस तर खेळतोस कशाला?"

पोटासाठी, म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च

परीक्षण दिलं. कथा सात, चित्रं सात, संगीत चार, लढाई दोन. एकूण — चार. (आमच्याकडे 'एकूण' म्हणजे सरासरी नव्हे. परीक्षकाला शेवटी जे वाटेल ते. साप्ताहिकाची जुनी रीत.)

दोन वाक्यं जमली आहेत. 'लढाई हा शुद्ध जुगार आहे.' आणि 'संगीतकाराला वरच्या पट्टीची भीती वाटत असावी. सगळं खालच्या सुरांतच घुमत राहतं.'

समोरच्या टेबलावरच्या प्रूफवाल्या बाईंनी वाचलं. एक अनुस्वार दिला, एक काढला, आणि चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "फार लागट लिहिता हो तुम्ही. कोणीतरी खपून केलेलं असतं ते."

खपण्याचा रकाना नाही आमच्याकडे, म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

सोमवार, १० मार्च

दुपारी बारा वाजता बंदी उठली. कंपनी गेम आधी देते, त्या बदल्यात ठरलेल्या वेळेआधी कोणी अक्षर छापायचं नाही असा करार असतो. बाराच्या ठोक्याला सगळ्यांची परीक्षणं एकदम बाहेर.

आठ. नऊ. साडेआठ. नऊ. एकाने तर दहा! माझे चार त्या रांगेत लग्नघरात भांडायला आलेल्या माणसासारखे दिसतात. सरासरी काढणाऱ्या साइटवर माझ्या एकट्यामुळे आकडा जवळजवळ एकाने खाली आला. त्याचं काही नाही. एकटा पडायची सवय आहे. दोन-तीनदा तर शेवटी मीच बरोबर निघालो होतो.

पण एक गंमत. सगळ्यांनी लढाईचीच आरती ओवाळली आहे! 'वार पडण्याआधीची ती इवलीशी घंटी.' 'घंटी किणकिणली की काळजात धस्स होतं.' 'डोळे मिटूनही खेळता येईल अशी लढाई.'

कुठली घंटी?

माझ्या गेममध्ये घंटी नाही. नक्की कंपनीच्या माहितीपत्रकात काहीतरी असणार आणि या मेंढरांनी ते जसंच्या तसं ओढलं असणार. उद्या काढून बघतो.

मंगळवार, ११ मार्च

माहितीपत्रक दोनदा वाचलं. घंटीचं नाव नाही.

वाचकांचे शेरे साठले आहेत. 'काकांना आता आराम द्या.' 'काकांनी आवाज बंद ठेवून खेळलं वाटतं.' आवाज पूर्ण होता! मी नेहमी पूर्ण ठेवतो, हेडफोन न लावता. इतकी वर्षं लावून कंटाळलो.

बुधवार, १२ मार्च

कंपनीच्या प्रसिद्धीवाल्या मुलीला फोन केला. म्हटलं, मला पाठवलेलं गेमचं कार्ड बिघडलेलं आहे का? घंटीच नाही त्यात.

"सर, सगळी कार्डं एकाच खोक्यातून गेलीयेत." मग म्हणाली, "तरी दुसरं पाठवते." मग जरा थांबून, "सर, एक सांगू? बनवणारे नऊच जण आहेत. पहिलाच गेम त्यांचा. तुमचं परीक्षण त्यांनी भिंतीवर चिकटवलंय. रागाने नाही हो! लढाईत काय चुकलं ते शोधतायत. दोन दिवस झाले, उकरतायत नुसते."

आणि महिनाअखेरीस कंपनीची बैठक आहे. दुसरा भाग करायचा की या नऊ जणांना दुसऱ्या कामांवर पांगवायचं, ते ठरणार. वरच्यांनी माझे लढाईचे दोन गुण आत्ताच पुढे धरले आहेत.

मी म्हटलं, मी माझं काम केलं. ती म्हणाली, "हो ना सर." ते 'हो ना सर' दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

शुक्रवार, १४ मार्च

नवं कार्ड आलं. पहिल्या विहिरीपर्यंत खेळलो. घंटी नाही. दोनांपैकी दोन कार्डांत नाही, म्हणजे गेममध्ये नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

सोमवार, १७ मार्च

जे झालं ते क्रमाने लिहितो.

जेवणाच्या सुट्टीनंतर ऑफिसात पुन्हा शेवटचा राक्षस काढला. कन्सोल टेबलावर, आवाज पूर्ण. तिसऱ्यांदा आडवा झालो तेव्हा प्रूफवाल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, आता बस करा ना ते. गेला महिनाभर डोकं उठलंय माझं. आधी वाटलं सवय होईल, पण नाही होत."

संगीत का, म्हटलं.

"संगीताचं काही नाही, ते चालतं. ती किणकिण हो! मधूनच सुई टोचल्यासारखी."

कुठली किणकिण?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करतोय असं वाटलं असावं. "ही काय," म्हणाल्या. "आत्ता वाजली ती." आणि पडद्यावर बेडूक उताणा झाला.

मी म्हटलं, पुन्हा वाजली की सांगा.

"मला कामं आहेत."

एकदाच सांगा.

त्यांनी प्रूफ ओढलं, मान खाली घातली आणि वाचायला लागल्या. पडद्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "आत्ता," म्हणाल्या. मी बटण दाबलं. वार चुकला. "आत्ता." चुकला. मधेच 'उन्हाळा'तल्या न्हाची काहीतरी दुरुस्ती केली. "आत्ता." चुकला. सतरा वेळा 'आत्ता' म्हणाल्या आणि सतरा वार चुकले. ज्या राक्षसाने माझ्या नाकी नऊ आणले होते तो त्या बाईंनी प्रूफ वाचता वाचता लोळवला. चौघांपैकी एकालाही ओरखडा नाही.

"झालं?" म्हणाल्या.

मग पेन तसंच हातात धरून, अगदी हळू — म्हणजे हळू असणार, कारण मला त्यांच्या ओठांवरून कळलं — "तुम्हाला खरंच ऐकू येत नाही का हो?"

भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी.

मंगळवार, १८ मार्च

आज कन्सोल पिशवीतून काढला नाही.

बुधवार, १९ मार्च

संपादकांना सांगितलं. संपादक चौतीस वर्षांचे. शाळेत असताना माझं सदर कापून वहीत चिकटवायचे, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. दार लावून घेतलं, पाणी दिलं.

"सर, हे आपल्या दोघांतच राहू दे," म्हणाले. "आपण असं छापू — परीक्षणासाठी मिळालेली प्रत सदोष होती, नव्या प्रतीवरून सुधारित गुण देत आहोत. आठ द्या, साडेआठ द्या. गेमचं भलं होईल, तुमचं नाव राहील. कोणाचं काय बिघडतंय?"

खरंच, कोणाचं बिघडतंय? मी होकारार्थी मान हलवून बाहेर आलो.

गुरुवार, २० मार्च

मसुदा केला. तीन ओळी. 'आम्हाला मिळालेली प्रत सदोष असल्याचे निदर्शनास आले असून...' चांगला झालाय. खोटं लिहिताना भाषा किती सुतासारखी सरळ येते!

पण 'सदोष प्रत' म्हणजे कोणाचा दोष? ती नऊ माणसं आता सदोष प्रत शोधत बसतील. आधी लढाई उकरली, आता कार्डं उकरतील. त्या फोनवाल्या मुलीला विचारतील, बिघडलेलं कार्ड पाठवलंसच कसं? आणि ती म्हणेल, सगळी एकाच खोक्यातून गेली होती. खरं बोलूनही तीच तोंडघशी पडणार.

आणि खरं छापलं तर? ज्याला ऐकू येत नाही त्याच्या संगीताच्या गुणांचं कोण काय करणार? सदर गेलंच समजायचं. मला दुसरं काही येत नाही. बावन्नाव्या वर्षी आता काय शिकणार!

जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती पोळी मोडत ऐकत होती. म्हणाली, "तुला कळलंय काय करायचं ते. मला कशाला विचारतोस?"

शुक्रवार, २१ मार्च

मसुदा फाडला. दुसरा लिहिला. हा भिकार झालाय, पण जाऊ दे —

'सात विहिरींचं राज्य या गेममध्ये प्रत्येक वाराआधी घंटी वाजते. ती मला ऐकू येत नाही. गेममध्ये दोष नव्हता, प्रतीतही नव्हता. माझे लढाईचे आणि संगीताचे गुण मी मागे घेत आहे. नवे गुण देण्यास मी पात्र नाही.'

प्रूफवाल्या बाईंकडे दिला. एकही खूण केली नाही. फक्त खाली सही केली, वाचल्याची.

सोमवार, २४ मार्च

छापून आलं. साइटने माझे गुण काढून टाकले, सरासरी वर गेली. शेरे आहेत. काही गोड, काही नाही. 'तरी म्हटलं काका असे कसे!'

दुपारी प्रसिद्धीवाल्या मुलीचा फोन. त्या नऊ जणांनी विचारलंय, घंटीबरोबर राक्षसाचे डोळे क्षणभर चमकवले तर कसं? तसं केलं तर मला खेळता येईल का? एक आठवड्याचं काम आहे म्हणे.

येईल, म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ उगाच टेबल आवरत बसलो. आनंद झाला होता, लपवायचं कशाला.

संपादक दिवसभर फिरकले नाहीत. पण सदर बंद, असंही अजून कोणी म्हटलेलं नाही. एक परीक्षण चुकलं, कबूल केलं, विषय मिटला. तेवीस वर्षांत एक!

बुधवार, २६ मार्च

कान तपासून घेतले. काचेच्या पेटीसारख्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबा, म्हणाली तपासणारी. माझ्या सवयीचं काम! पण मधे मधे इतका वेळ काहीच वाजेना, की वाटलं ती चहाला गेली. बाहेर येऊन बघतो तर कागदावर आलेख — निम्म्यापर्यंत सरळ, मग वरच्या सुरांपाशी कडेलोट.

यंत्र लावून खूपसं परत मिळेल, म्हणाली. मग पेनने तो उतार दाखवला. "हे यंदाचं नाही बरं का. असं हळूहळू होतं. दहा वर्षं तरी झाली असावीत."

गुरुवार, २७ मार्च

ऑफिसात कपाटातले जुने अंक काढले. दहा वर्षांचे. जमिनीवर मांडी घालून बसलो.

'संगीत खर्जात अडकलेलं.' 'सूर वर जायला घाबरतात.' 'पार्श्वसंगीताला टोक नाही.' हे सगळं मीच लिहिलंय, वेगवेगळ्या गेमांबद्दल, वेगवेगळ्या संगीतकारांबद्दल. दर दोन-तीन अंकांआड. एकाला तीन गुण दिलेत. त्याचं नाव पुन्हा कुठल्याच गेमवर दिसलं नाही.

मोजायला लागलो होतो. सत्तरला थांबलो.

प्रूफवाल्या बाई येऊन शेजारी स्टुलावर बसल्या. काही बोलल्या नाहीत. किंवा बोलल्या असतील.

शुक्रवार, २८ मार्च

बायकोला आलेख दाखवला. म्हटलं, दहा वर्षं म्हणतात.

"बारा," ती म्हणाली.

मग सांगितलं का नाहीस इतके दिवस?

"सांगितलं होतं."