डब्याची दोरी

आई, आपल्या इमारतीला शेवटी लिफ्ट बसली. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि मी माझा पेढा तसाच ठेवून दिला. तुझ्या वेळी ही असती तर, एवढंच डोक्यात घोळत होतं.

उमेळे गावातली आपली पेरूची वाडी बिल्डरला दिली, आणि तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावरचं घर आपल्या वाट्याला आलं. तू हसून म्हणाली होतीस, "जमीन आपलीच हाय. फक्त जरा वर चढून बसायचं." मग बाबा गेले, तू मोरीत घसरून खुबा मोडून घेतलास, आणि ते वर चढून बसणं कायमचं झालं. मी सकाळी बाहेरून कुलूप घालून ऑफिसला जायचे. तू खाटेवरून बाल्कनीच्या ग्रिलकडे बघत पडलेली असायचीस. "कुठं चाललीस?" हे रोज विचारायचीस, उत्तर माहीत असूनही. मला तुझा राग यायचा, मग स्वतःचा यायचा. तू खाटेला बांधलेली आणि मी तुला, असंच वाटायचं मला तेव्हा. आजही खोटं कशाला सांगू?

वाडीत तू अशी कधी पडून राहिलीच नाहीस. पेरूच्या झाडात तेलाचा रिकामा डबा टांगलेला, त्यात लोखंडाचा एक तुकडा, आणि डब्याची दोरी पार स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आणलेली. तू एका हाताने तव्यावरची भाकरी उलटतेस, दुसऱ्या हाताने दोरी ओढतेस, तोंडाने हाऽऽऽ चालू. खडखडाट झाला की पोपटांचा थवा अर्धे खाल्लेले पेरू टाकून भर्रकन वर जातो. एकदा मी मजा म्हणून त्या दोरीला लोंबकळले, तर पिठाच्या हाताने पाठीत असा धपाटा घातलास की फ्रॉकवर पाच बोटं उमटली. "उगाच वाजवू नको गो. फुकट वाजवलं तर सोकावतील. मग कोन उडनार?" भातशेतीच्या गावचं ते माहेरचं बोलणं तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस.

ऑफिसातल्या मैत्रिणीने ती कॅसेट दिली तेव्हा मला केवढी आशा वाटली होती. कुठल्याशा दूरदेशीच्या वर्षावनातले आवाज. ना गाणं, ना बोलणं. ऐकलं की मन शांत होतं, झोप लागते, असं ती म्हणाली. रविवारी दुपारी तुझ्या उशाशी टेप ठेवून मी बटण दाबलं. आधी मोठमोठ्या पानांवरून ठिबकणारं पाणी. मग किड्यांची किर्र, करवत चालल्यासारखी, न थांबणारी. बेडूक टॉक टॉक करत एकमेकांना उत्तरं देत होते. लांब कुठेतरी माकडं घुमत होती, आणि या सगळ्यांवर वरताण पोपटांचा कल्ला. मला खरंच बरं वाटलं, क्षणभर भिंती विसरले मी. डोळे उघडून बघते तर तू कोपर टेकून अर्धवट उठलेली, उजवा हात भिंतीवर काहीतरी चाचपतोय.

"कोनाची वाडी ही?"

"वाडी नाही आई, जंगल आहे. टेपवर वाजतंय."

"एवढी पाखरं, आनि हाकलायला मानूस नाय? दोरी कुठाय?"

किती दिवसांनी तू काहीतरी मागितलं होतंस! मी लगेच तेलाचा रिकामा डबा शोधला, त्यात जुनी कुलपं टाकली, ग्रिलला टांगला आणि दोरी आणून तुझ्या हातात दिली. तू ओढलीस. सगळी इमारत दणाणली. खालच्या मजल्यावरचे काका ओरडले, "काय पडलं का हो?" तू हसत होतीस. टेपवरचे पोपट मात्र तसेच ओरडत राहिले. तू परत ओढलीस, आणखी जोरात ओढलीस, आणि मग तुझ्या तोंडावरचं हसू गेलं.

"उडत नायत गो ही."

"राहू दे ना मग."

"खडखडाट ऐकून पाखरू उडत नाय, म्हनजे त्याला जायला जागा नाय. कोंडलीत यांना कोनीतरी. सोड त्यांना."

मी बटण बंद केलं. घर एकदम मुकं झालं.

"गेली?"

"गेली."

"बरं झालं," तू म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. "त्यांचं तरी." त्यानंतर दोरी तुझ्या हाताशीच असायची, पण तू ती कधी ओढली नाहीस. माझा जीव तुटायचा ते बघून.

आता मी निवृत्त झालेय. खाट तुझीच, जागाही तीच. डबा गंजला, पण ग्रिलवर आहे. कुंडीतल्या मिरच्या खायला पोपट येतात. भाऊ फोनवर म्हणतो, "आता लिफ्ट आहे, खाली उतरत जा," आणि मी गुडघ्यांचं नाव सांगते. आई, माझे गुडघे ठणठणीत आहेत. दाराला बाहेरून कुलूपही नाही. तरी चपला घालते आणि काढून ठेवते. आज सकाळी मी डबा वाजवला. पोपट उडाले. खडखडाट मीही ऐकला, पण दोरी धरून तशीच बसून राहिले, आणि मला फार भीती वाटली.

म्हणून हे पत्र लिहिलं. तुझा पत्ता मला जुनाच माहीत आहे, वाडीचा. पण पेटीत टाकायचं म्हटलं, तर खाली उतरावं लागेल.