नोसाबाईंचा शोध

३ जून, सकाळी ६
प्रबंधाचं सहावं वर्ष. ही मुदतवाढ शेवटची. आजपासून रोज चार तास ग्रीक, म्हणजे ग्रीक. विषय: दुसऱ्या शतकातल्या एका पत्रावरून, मंडळीत अधिकार कोणाचा? (ख्रिस्ती मंडळीत. बायको उगाच हसली.)

३ जून, सकाळी ११
डोळा लागला होता. उद्यापासून.

९ जून
शब्द पाठ होत नाहीत. दोष शब्दार्थांच्या कार्डांचा, अक्षर बारीक आहे. बायकोला ती घेऊन माझी परीक्षा घ्यायला सांगितलं. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते बिचारी. तेवढाच विरंगुळा.

२१ जून
मी तोंड उघडायच्या आत बायकोच अर्थ सांगून मोकळी होते. परीक्षकाने असं करू नये, हे शांतपणे समजावलं.

८ जुलै
शोध लागला! हस्तलिखितात शब्दांमध्ये जागा नसते, अक्षरं सगळी सलग. त्यात मला एक नाव दिसलं: नोसा. मंडळीची प्रमुख, आणि बाई! इतकी शतकं कुणाच्या लक्षात आली नाही. आधीचं 'मो' आणि पुढचं 'देल्फोस' ही लेखनिकाची डुलकी. गाईड मॅडमना इतक्यात सांगायचं नाही. कल्पना चोरीला जातात.

२६ जुलै
नोसाबाईंवर चाळीस पानं. स्वभाव करारी. बहुधा विधवा.

१० ऑगस्ट
मॅडम घरी आल्या. फोटोप्रत पुढे ठेवून नोसाबाई सादर केल्या. मॅडमनी चष्मा काढून पुसला. भारावल्या असाव्यात. चहा ठेवता ठेवता बायको म्हणाली, हे 'मोनोस आदेल्फोस' आहे ना? एकटा भाऊ? मॅडमनी विचारलं, कुठे शिकलात? म्हणाली, ह्याच्या कार्डांवर, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारीला हे अक्षर म्हणजे छापीलच. मॅडम पोटभर हसल्या.
पाहुण्यांसमोर बोलायची ही पद्धत नव्हे.

११ ऑगस्ट
अबोला. माझ्याकडून. दुपारी तिने विचारलं, फार लागलं का रे? म्हटलं, छे, संशोधनात चालायचंच. फक्त नोसाबाईंची सवय झाली होती. पानं फाडायला घेतली, तर तिने हातातून काढून घेतली.

२ सप्टेंबर
मॅडमकडे विद्यार्थ्यासाठी एकच जागा आहे, माझी. ती बायकोने घ्यावी, असं त्यांचं मत. बायको म्हणाली, तू नको म्हणालास तर नाही घेणार. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. दोन दिवस लागले.
आज नाव मागे घेण्याचा फॉर्म भरला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: कौटुंबिक.