घर निजवून जाताना

बाबा, आपल्या दारापुढच्या खळ्यात आता मोटार उभी असते, तीही विजेवर चालणारी. हे ऐकून तुम्ही गाडीकडे न बघता आधी मेन स्विचकडे बघितलं असतं. धामापूरच्या देवळात निघालेल्या आम्हा सगळ्यांना तुम्ही एकदा एसटीच्या थांब्यावरून परत फिरवलं होतं, कारण शेवटी बाहेर पडले ती मी आणि मेन चालूच राहिला होता. एसटी चुकली, मी रडले. तुम्ही दाराआडच्या काळ्या पेटीचा दांडा खाली ओढलात, पेटीवर तळवा टेकवून ती तापली नाही ना ते पाहिलंत आणि म्हणालात, "घराक एकटां सोडतंस, तर निजवून तरी जा गो." ओरडला असता तर मी विसरूनही गेले असते.

आई अजून तेच करते. समोरच्या माणसाचा चेहरा तिला आता नीट दिसत नाही, पण तो दांडा बरोबर सापडतो. दर महिन्याला गोव्याला नेऊन तिच्या डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. एसटी बदलत जाणं तिला झेपेना, म्हणून तर ही गाडी घेतली. साध्या प्लगवर ती भरायला एक रात्र पुरत नाही, दिवसाही लावून ठेवावी लागते. गेल्या खेपेला आदल्या दिवशी मी मालवणात कामावर, आई मेन बंद करून मावशीकडे गेली ती संध्याकाळीच परतली. रात्री आभाळ गडगडायला लागलं, तिने पुन्हा मेन बंद केला. सकाळी बघते तर गाडी अर्धीसुद्धा भरलेली नाही. तशीच निघाले, तर हायवेवरचा चार्जर बंद. तारीख चुकली. उशीर झाला की गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलेलं. घरी येऊन मी आईवर भडकले. ती एवढंच म्हणाली, "मेन बंद केल्याबिगर माजो पाय भायर पडूचो नाय. तेंका मी काय सांगू?"

तेंका म्हणजे तुम्हाला.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. वायरमन म्हणतो, पडवीत दणकट सॉकेट बसवू, तेवढं पुरे. चुलतभाऊ म्हणतो, भिंतीवरचा मोठा चार्जर घे, भराभर भरेल. दोघांचं ऐकून घेते, मोबाइलवर आणखी चार प्रकार बघते, रात्री ठरवलेलं सकाळी मोडते. कारण काहीही बसवलं तरी ते तुमच्या त्या दांड्याच्या ताब्यातच राहणार. दांड्याला कुलूप लावायचंही मनात येऊन गेलं. मग नजर गेलेली आई त्या कुलपावर हात फिरवत उभी आहे असं दिसलं आणि स्वतःचीच लाज वाटली. शेवटी गाडीपुरतं वेगळं मीटर मागितलं. खांबावरून थेट निराळी लाइन, अर्थिंगसाठी जांभा फोडून नवा खड्डा, भिंतीवर पांढरी पेटी. आईने दांडा ओढला की घर निजतं आणि गाडी भरतच राहते. कालची तारीख गाठली. आता पुढच्या महिन्याची धास्ती.

दांडा ओढला तरी गाडी जागीच राहते, हे तिला सांगितलेलं नाही. आज गावातल्या देवळात पायी निघताना तिने दांडा ओढला आणि विचारलं, "गाडीपण निजली मां गो?" मी होय म्हटलं. तिचा चेहरा निवांत झाला. मला मात्र वळणापर्यंत जाववेना. मोबाइल विसरले असं सांगून तिला वडाच्या पारावर बसवलं, धावत मागे आले आणि पांढऱ्या पेटीवर तळवा टेकवला. कोमट होती. एवढं चालतं असं वायरमनने सांगितलेलं, तरी हात उचलवेना. हे पत्र तिला वाचून दाखवता येणार नाही आणि तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते: त्या पेटीला एक छोटा खटका आहे, बाबा. गाडी पुरती भरली नव्हती, तरी मी तो बंद केला, आणि मगच माझा पाय घराबाहेर पडला.